शेऱ्याचा रकाना

'फ्रंटलाइन' हा शब्द कुणी उच्चारला की अजूनही माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. ऐकायला किती भारदस्त. आघाडीवरचा माणूस, सगळ्यांच्या पुढे उभा असलेला. आणि ज्या लोकांनी तो शब्द आमच्या कारखान्याला विकला, त्यांच्या लेखी त्याचा अर्थ एवढाच होता की या माणसाला सॉफ्टवेअर वापरायचा सगळ्यात खालचा परवाना द्या. त्या शब्दाशी आमच्या कारखान्याची ओळख मीच करून दिली, त्यामुळे चिडायचा हक्क मला किती आहे हा प्रश्न आहेच. तरी मी चिडते.

आमचा कारखाना इंदूरला सांवेर रोडवर आहे. पंपांची बिडाची अंगं बाहेरून ओतून येतात, आमच्याकडे ती घासून, छिद्रं पाडून, जोडून तयार होतात. ऑफिसात आम्ही नऊ जण, खाली शेडमध्ये चाळीसच्या आसपास. मी खरेदी बघते. सुदामा नगरहून रोज स्कूटरने जाते, आणि हे बावीस वर्षं चाललंय. बोल्टपासून कंप्युटरपर्यंत जे काही विकत घ्यायचं, त्याचा तौलनिक तक्ता माझ्या टेबलावर तयार होतो. डाव्या हाताला वस्तूचे गुण, वर कंपन्यांची नावं, आणि सगळ्यात उजवीकडे शेऱ्याचा रकाना. या रकान्याचा मला फार अभिमान. आमच्या घराण्यात संस्थानी कचेरीतली नोकरी तीन पिढ्या चालली. पणजोबा कागदावर एका ओळीचा शेरा मारायचे आणि त्यावर पुढे कुणी बोलत नसे, असं आमच्या घरी कौतुकाने सांगतात. त्या शेऱ्यांखाली कोणाकोणाचं काय काय झालं, हे मात्र घरात कधी कुणी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

पूर्वी आमचं सगळं काम मोबाइलवरच्या एका साध्या फुकट ग्रुपवर चालायचं. त्याची अ‍ॅडमिन मी. मालकापासून क्रेनवाल्यापर्यंत सगळे त्यात. शेडमधल्या लोकांची त्यात एक पद्धत पडली होती. सकाळी साडेआठला आणि रात्री साडेआठला पाळी बदलताना जो घरी निघाला तो बोलून निरोप टाकायचा: कुठलं मशीन कसं चाललं, काय अर्धवट राहिलं, काय कुरकुरतंय. हाताला तेल, ग्रीस, कुणाच्या हातात मोजे. टाइप कोण करणार? बटण दाबून बोलायचं आणि घरी जायचं. प्रत्येकाची सुरुवात 'राम राम'ने व्हायची, म्हणून त्या निरोपालाच सगळे राम राम म्हणत. "लेथ का राम राम आया क्या?" असं सुपरवायझर विचारायचा, आणि नवीन माणसालाही त्यात काही वेगळं वाटत नसे. हा नियम कोणी केला नव्हता. कागदावर कुठे नव्हता. कदाचित म्हणूनच तो पाळला जात होता.

सगळ्यात लांब राम राम दोन नंबरच्या क्रेनवाल्या भाऊंचा. मी त्यांना भाऊ म्हणायचे, ते मला ताई. बाकी अख्ख्या कारखान्यात मी मॅडमजी. भाऊ माझ्याहून पाचसहा वर्षांनी मोठे, निवृत्तीला तीन वर्षं राहिलेली. शेडमध्ये मराठी बोलणारे ते एकटेच, म्हणजे इंदूरचं मराठी, ज्यात निम्मी हिंदी. त्यांचे पूर्वज संस्थानाच्या फौजेत होते. माझी कचेरीची कथा कळल्यापासून ते मला चिडवायचे, "तुमचे लोक लिहून राहायचे ताई, आमचे लोक उभे राहायचे. आजपण तेच चालू आहे ना!" आणि खो खो हसायचे. मलाही हसू यायचं.

पण त्यांचे निरोप मी ऐकत नव्हते. हे आधीच सांगून टाकते. दीडदोन मिनिटांचा निरोप, त्यात मागे क्रेनची घरघर, मधे खोकला, मग सगळ्यांची चौकशी, मग साखळीला तेल कधी दिलं ते. सकाळी साडेआठला मी स्कूटरवर असायचे आणि साडेनऊला टेबलावर फायलींचा ढीग, रात्री साडेआठला स्वयंपाकात. मी ग्रुपचा आवाज बंद करून टाकला होता. ऑफिसातले आम्ही सगळे जेवताना सुरुवातीला ऐकलेल्या त्या निरोपांची नक्कल करून हसायचो. नक्कल मला बरी जमायची.

मग एकदा आमच्या कुणीतरी एका गिऱ्हाइकाचं ड्रॉइंग चुकून घरच्या ग्रुपवर टाकलं. मावशीच्या साठीच्या फोटोंमध्ये पंपाचं ड्रॉइंग. ते फिरत फिरत गिऱ्हाइकापर्यंत गेलं आणि मालकांचा पारा चढला. "ये टाइमपास ग्रुप बंद करो. कोई प्रोफेशनल चीज लाओ," म्हणाले. ती प्रोफेशनल चीज शोधायचं काम साहजिकच माझ्याकडे आलं.

तीन आठवडे मी दुसरं काही केलं नाही. असं सॉफ्टवेअर विकणाऱ्या चार कंपन्या निवडल्या. प्रत्येकीच्या संकेतस्थळावर परवान्यांचे तीन तीन चौकोन उभे, खालून वर: फ्रंटलाइन, बिझनेस, एंटरप्राइझ, किंवा असंच काहीतरी. मधल्या चौकोनाभोवती हमखास रंगीत पट्टी, 'सगळ्यांची आवड'. कोणाची आवड? कोणाला विचारलं होतं? चौकोनांखाली लांबच लांब यादी, तिच्यात हिरव्या खुणा आणि राखाडी रेघा. जिथे खूण तिथे सोय आहे, जिथे रेघ तिथे नाही. आणि निम्म्या खुणांच्या डोक्यावर बारीक चांदणी. त्या चांदणीचा अर्थ शोधायला पान इतकं खाली सरकवावं लागतं की वर काय वाचलं ते विसरायला होतं. तिथे मुंगीच्या अक्षरांत लिहिलेलं असतं की ही सोय आहे खरी, पण वेगळी घ्यावी लागेल.

मी आयुष्यात खूप विक्रेते बघितलेत. बेअरिंगवाला खोटं बोलतो, पण निदान बेअरिंग हातात देतो. इथे काय काय तुकडे करून विकतील याला धरबंध नाही. जुना निरोप शोधायचा आहे? मधल्या परवान्यात. तीस दिवसांपेक्षा जुना निरोप जपून ठेवायचा आहे? वरच्यात. चोर शिरू नये म्हणून बळकट कुलूप हवं? तेही वरच्यात. म्हणजे खालच्या परवान्याच्या माणसाच्या घरात चोर शिरला तर चालतो! सगळ्यात वरच्या चौकोनात तर किंमतच नसते, 'आमच्याशी संपर्क साधा' एवढंच. दुकानदाराने माणसाचे कपडे बघून भाव सांगावा तसं. मी फोन हातात घेऊन एकटीच बडबडायचे. नवरा म्हणायचा, "अगं, सॉफ्टवेअरशी कशाला भांडतेस?"

संपर्क साधल्यावर एक विक्रेता व्हिडिओ कॉलवर आला. मागे खोटी झाडं, पुढे खोटं हसू. मी शंभर प्रश्न विचारले. प्रत्येकाला उत्तर एकच, "हंड्रेड परसेंट, मॅम!" शेवटी मी विचारलं की शेडमधल्या लोकांना कोणता परवाना द्यायचा. तो एकदम खुलला. "मॅम, फ्रंटलाइन! त्यांच्यासाठीच बनवलाय. सूचना वाचता येतात, ड्यूटी बघता येते, हजेरी लागते. पोस्ट करता येत नाही, आणि मॅम, खरं सांगू का, तेच बेस्ट आहे. नॉइज कमी."

नॉइज. आवाज नव्हे, गोंगाट. हा शब्द मला तेव्हा खटकला नाही. आज खटकतो, तेव्हा नाही. उलट मला हायसं वाटलं. साडेआठची घरघर, खोकला, चौकशा, सगळं एका फटक्यात बंद.

तक्त्यात त्या ओळीला मी शीर्षक दिलं: पोस्ट करण्याची आणि बोलून निरोप पाठवण्याची सोय. फ्रंटलाइनखाली रेघ, बाकी दोन्हीखाली खूण. आणि उजवीकडे माझा लाडका शेरा, मालकांना वाचायला सोपा जावा म्हणून हिंदीत: 'फ्लोर स्टाफ को बोलने की ज़रूरत नहीं. पढ़ना काफ़ी है.' खाली माझी सही. कर्मचारी विभागाच्या मॅनेजरांनी शेजारी सही ठोकली आणि म्हणाले, "बढ़िया रिमार्क है मॅडमजी, एकदम क्लियर."

तीच कंपनी ठरली, आणि ऑफिसातल्या नऊ जणांना सगळ्यात वरचा परवाना मिळाला. मालकांच्या पत्नीलाही, कारण त्या कागदोपत्री संचालक आहेत. त्यांनी तो आजतागायत एकदाही उघडलेला नाही. त्या वरच्या परवान्यात एक सोय मी अगदी आवर्जून मागून घेतली होती. कोणी कोणती सूचना कधी उघडली आणि कधी मान्य केली, याची सेकंदासकट नोंद. खालच्या लोकांना बोलायची सोय नको, पण ते काय मान्य करतात याची नोंद मात्र पक्की हवी! आणि ही सोय बघून मला माझ्याच हुशारीचा अभिमान वाटला होता.

ज्या दिवशी जुना ग्रुप बंद केला त्या दिवशी मी एकेकाला त्यातून बाहेर काढलं. दुपारी भाऊ जिना चढून वर आले, हात पुसत. मोबाइल माझ्यापुढे धरला.

"ताई, यात बोलायचं बटन कुठे आहे? मी ढूंढून ढूंढून थकलो."

"भाऊ, यात तुम्हाला फक्त वाचायचंय. काही असेल तर सुपरवायझरला सांगा."

"मग राम राम?"

"आता राम राम नाही."

त्यांनी मोबाइल खिशात टाकला. मग म्हणाले, "बरं. वाचतो," आणि जिना उतरून गेले. मी पुढच्या फायलीला लागले.

यानंतर दोन महिन्यांनी दोन नंबरच्या क्रेनचा ब्रेक बिघडायला लागला. उचललेला माल थांबवला की जागच्या जागी थांबायचा सोडून आधी चार बोटं खाली सरकायचा. जुनी पद्धत असती तर हे साडेआठला चाळीस माणसांच्या कानावर गेलं असतं, मालकांच्याही. आता भाऊंनी सुपरवायझरला सांगितलं. सुपरवायझरने दुरुस्तीवाल्यांना सांगितलं. दुरुस्तीवाल्यांनी येऊन काहीतरी आवळलं आणि गेले. दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या मोबाइलवर सूचना आली: दो नंबर क्रेन का काम हो गया है, पहले की तरह चलाएँ. सूचनेखाली एकच बटण, 'पढ़ लिया, मान्य है'. ते दाबल्याशिवाय पडदा पुढे जात नाही. पुढे गेल्याशिवाय हजेरी लागत नाही. हजेरी लागली नाही तर दिवस बुडाला.

'वाचलं, पण मान्य नाही' असं बटण नव्हतं. 'वाचलं, पण ब्रेक अजून सरकतोय' असं तर नव्हतंच. भाऊंनी आहे ते बटण दाबलं. कामावर उभं राहायचं तर दुसरा रस्ताच ठेवला नव्हता. मग सुपरवायझरला पुन्हा जाऊन सांगितलं. तो म्हणाला, "मैसेज आ गया ना भिया? हो गया मतलब हो गया." त्यानंतर भाऊ माल उचलताना खालच्या माणसांना ओरडून लांब पिटाळायचे. आठ दिवस त्यांनी असं ओरडून काम केलं. वर काचेमागे आम्हाला काही ऐकू येत नव्हतं.

नवव्या दिवशी पंपाचं एक अंग जोडणीच्या टेबलावर उतरवताना चार बोटं नव्हे, चांगलं हातभर खाली आलं. टेबल मोडलं. जोडणी करणारा एक फिटर मागे सरला म्हणून वाचला, पण त्याच्या डाव्या पायाची तीन बोटं चेंगरली. पट्टी बांधून, घरी नेऊन, सगळं झाल्यावर कर्मचारी मॅनेजरांनी भाऊंना नोटीस दिली: निष्काळजीपणाने क्रेन चालवून सहकाऱ्याला जखमी केल्याबद्दल कामावरून का काढू नये.

तीन वर्षं राहिलेली. असं काढलं की मागची सगळी वर्षं एका डागाखाली जातात, आणि त्या वयात दुसरीकडे क्रेनवर कोण बसवतो? हे सगळं मला कळत होतं. तरी आधी राग आला तो सुपरवायझरचा आणि दुरुस्तीवाल्यांचा. स्वतःचा यायला आणखी काही दिवस लागले.

दोन दिवसांनी मॅनेजर माझ्या टेबलाशी आले आणि त्यांनी ती सेकंदासकटची नोंद छापून मागितली. चौकशीत दाखवायला. मी काढून दिली. भाऊंच्या नावापुढे तारीख, वेळ, आणि 'मान्य'. मॅनेजर कागदावर टिचकी मारून म्हणाले, "देखिए. खुद ने ओके किया है. और ब्रेक खराब था तो ऐप में रिपोर्ट डालते ना! इतना महँगा सिस्टम किसलिए लिया है?"

हा माणूस माझ्या शेजारी सही करणारा. 'बढ़िया रिमार्क' म्हणणारा. आणि तोंड वर करून विचारतोय की रिपोर्ट का टाकला नाही!

"सरजी, त्यांच्या लायसन्समध्ये पोस्ट करताच येत नाही," मी म्हणाले.

"ऐसा कैसे? मेरे में तो आता है."

"तुमचं एंटरप्राइझ आहे."

ते खांदे उडवून म्हणाले, "वो टेक्निकल बात है. इन्क्वायरी में मत उलझाइए." आणि कागद घेऊन गेले. एका माणसाची भाकरी काढून घेताना आड येते ती म्हणे टेक्निकल बात. चौकशीत पहिला प्रश्न हाच येणार हे उघड होतं: सोय होती, वापरली का नाही? आणि सोय नव्हती हे सांगणारा कागद अख्ख्या कारखान्यात एकच होता. माझा तक्ता.

चौकशीच्या दिवशी सकाळी घरीच मी तो तक्ता कंप्युटरवर उघडला. फ्रंटलाइनखाली रेघ, स्पष्ट. आणि शेजारी माझा शेरा, त्याहून स्पष्ट. इतके महिने तो मी वाचला नव्हता. 'बोलने की ज़रूरत नहीं.' कुणी विचारलं होतं मला, कोणाला बोलायची गरज आहे आणि कोणाला नाही? मी कोण लागून गेले? आणि हे मी रागाच्या भरात लिहिलं असतं तर एक वेळ समजता आलं असतं. मी चहा पीत, शांतपणे, एका ओळीत बसवायला शब्द मोजून लिहिलं होतं.

नवरा मागे उभा होता. त्याने वाचलं आणि म्हणाला, "तो कॉलम लपव ना. रेघ दिसली म्हणजे झालं. तुझा रिमार्क दाखवायची काय जरूरत आहे?"

बरोबर होतं. रकान्यावर माउसची उजवी कळ दाबली, 'लपवा' म्हटलं, रकाना गेला. छापून बघितलं. तक्ता किती नीटनेटका दिसत होता. भाऊ त्याने सुटलेही असते. मी कागद पिशवीत घातला, चप्पल घातली, स्कूटर काढली, आणि फाटकापर्यंत जाऊन परत आले. मला एकच गोष्ट पटत नव्हती. ही रेघ विक्रेत्याने मारली, पण ती आमच्या कारखान्यात आणली कोणी? रकाना लपवला की ते सॉफ्टवेअरचं पाप होतं, त्या खोट्या झाडांवाल्याचं, मॅनेजरचं. माझं राहत नव्हतं. आणि मॅनेजर नेमकं हेच करत होता म्हणून तर मी दोन दिवस जळत होते. मी रकाना परत उघडला आणि पुन्हा छापलं. नवऱ्याने फाटक उघडून धरलं.

चौकशी मालकांच्या खोलीत. मालक मधे, मॅनेजर बाजूला, समोरच्या खुर्चीच्या कडेवर भाऊ, इस्त्रीचा शर्ट घालून. आयुष्यभर उभा राहिलेला माणूस, बसायलाही अवघडला होता. मॅनेजरांनी नोंद वाचून दाखवली. मग ठरल्याप्रमाणे विचारलं, "ऐप में रिपोर्ट क्यों नहीं डाला?"

"साहेब, त्यात माझं बटनच नाहीये," भाऊ म्हणाले.

"सबको बटन है."

तेव्हा मी उठले. मला आठवतं, माझा आवाज गरजेपेक्षा बराच मोठा निघाला. म्हटलं, "नहीं है. ऑफिस को है, इनको नहीं. ये देखिए." आणि तक्ता मालकांसमोर ठेवला. रेघेवर बोट ठेवलं. मग म्हटलं, जो रास्ता हमने बंद किया, उससे ये क्यों नहीं गए, ये हम किस मुँह से पूछ रहे हैं? आणि त्या 'मान्य' बटणाबद्दलही सांगितलं, ते दाबल्याशिवाय हजेरी लागत नाही हे मालकांना ठाऊकच नव्हतं. मॅनेजर म्हणाले, "मॅडमजी, इमोशनल मत होइए." मी म्हटलं, इमोशनल नाही, मला संताप आलाय, आणि या तक्त्याखाली तुमची सही आहे. माझीही आहे.

मालकांनी कागद बराच वेळ वाचला. शेऱ्यापाशी ते थांबले हे मला दिसलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि कागद भाऊंकडे सरकवला. म्हणाले, तुमच्याबद्दल आहे, वाचा.

भाऊंनी चष्मा काढून लावला. ते हळू वाचतात, ओळीखाली बोट ठेवून. ते बोट रेघेवरून शेऱ्याकडे सरकताना मी बघत होते. ते थांबलं. पहिल्या शब्दाकडे परत गेलं, आणि पुन्हा शेवटपर्यंत आलं. मग खाली सहीवर.

"ताई," ते म्हणाले, अगदी हळू, "तुम्हाला तर माझा आवाज रोज येत होता ना?"

खरं उत्तर त्या शेऱ्याहून वाईट होतं.

नोटीस मागे घेतली गेली. क्रेनचा ब्रेक पूर्ण बदलला, या वेळी बाहेरून माणूस बोलावून. फिटर दीड महिन्याने कामावर आला. 'मान्य है' हे बटण हजेरीपासून वेगळं करून घ्यायला मी त्या विक्रेत्याशी चार कॉल भांडले. शेवटच्या कॉलला तो 'हंड्रेड परसेंट' म्हणायला लागला तेव्हा मी म्हटलं, आधी करून दाखव, मग टक्के सांग. सगळ्या शेडला मधला परवाना घ्यायला लावला, बोलायच्या बटणासकट. तो प्रस्ताव मालकांनी विनातक्रार मान्य केला. त्या तक्त्यात शेऱ्याचा रकाना मी ठेवला, रिकामा.

पहिल्या सोमवारी सकाळी मी साडेआठच्या आधीच ऑफिसात पोचले. आवाज चालू करून मोबाइल टेबलावर ठेवला. राम राम यायला लागले. लेथचा आला, ड्रिलचा आला, एक नंबरच्या क्रेनचा आला, पाय बरा झालेल्या फिटरचाही आला. सगळे मी शेवटपर्यंत ऐकले. आता रोज ऐकते.

दोन नंबरवर काही बिघाड असला तर भाऊ वहीत लिहितात, हळूहळू, एका ओळीत. सुपरवायझरची सही घेतात, आणि वही वर पाठवून देतात. स्वतः येत नाहीत. एकदा मीच खाली गेले. म्हटलं, "भाऊ, आता बटण आहे. बोला ना."

"आहे ताई, बघितलं," ते म्हणाले. "आता लिहून राहिलो आहे." आणि शिडी चढून क्रेनवर गेले.